लॅपटॉपच्या बॉडीला झिणझिण्या, चार्जिंगला लावल्यावर वेडा होणारा टच, आणि भिंतीतलं तिसरं भोक

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलगी घरून काम करते. तिचा धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावला की मनगटाला झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर पेटतो. दुकानदार म्हणाला, मेटल बॉडीला एवढं चालतंच. गावातला वायरमन म्हणाला, लॅपटॉप शॉर्ट आहे, वापरू नका. शिवाय तिचा मोबाइल चार्जिंगला असला की टच आपोआप चालतो, नको ती अक्षरं उमटतात. हे दोन वेगळे बिघाड आहेत का? धोका किती? घर चिपळूणजवळ, वायरिंग तीस वर्षांपूर्वीचं."

वीस-बावीस वर्षं मी अ‍ॅडॉप्टर आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करतो, तेही कोकणातच. ही तक्रार माझ्या टेबलावर दर पावसाळ्यात येते. दुकानदार आणि वायरमन, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. पण दोघांनीही भिंतीतल्या सॉकेटचं वरचं मोठं, अर्थिंगचं भोक तपासलेलं दिसत नाही, आणि खरा निकाल तिथेच लागतो.

आधी अ‍ॅडॉप्टरच्या आत काय असतं ते सांगतो. तो उघडला की मधोमध पिवळ्या टेपने गुंडाळलेला एक छोटा ट्रान्सफॉर्मर दिसतो. त्याच्या एका अंगाला भिंतीतले २३० व्होल्ट, दुसऱ्या अंगाला लॅपटॉपकडे जाणारे १९-२० व्होल्ट. दोन्ही अंगांमध्ये तारेचा कुठेही संबंध नाही. ऊर्जा फक्त चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, म्हणून आपण लॅपटॉपला बिनधास्त हात लावू शकतो. तरीही या दोन अंगांना जोडणारा, शर्टाच्या बटणाएवढा, बहुधा निळ्या रंगाचा एक चपटा कपॅसिटर तिथे मुद्दाम बसवलेला असतो. त्याला वाय कपॅसिटर म्हणतात. तुमच्या मुलीच्या झिणझिण्या त्याच्यातून येतात.

तो का बसवतात? भिंतीतल्या २३० व्होल्टचं आत आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि मग ते सेकंदाला साठ-सत्तर हजार ते लाख-दोन लाख वेळा चालू-बंद केलं जातं. म्हणून तर ट्रान्सफॉर्मर एवढा लहान राहतो. पण इतक्या जलद चालू-बंदमुळे विजेचा गोंगाट तयार होतो आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांमधून थोडा थोडा पलीकडे झिरपतो. त्याला परत जायला जवळची वाट दिली नाही तर तो वायरवाटे बाहेर पडून रेडिओ, टीव्ही, स्पीकर अशा सगळ्यांना त्रास देतो. वाय कपॅसिटर ही ती परतीची वाट. जलद गोंगाटाला ती रुंद असते, भिंतीतल्या ५० हर्ट्झच्या विजेला अगदी चिंचोळी. चिंचोळी असली तरी बंद नसते, म्हणून थोडा करंट तिच्यातून लॅपटॉपच्या बॉडीवर येतोच.

किती येतो ते पाहा. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर (त्याच्यावर २२२ छापलेलं असतं) ५० हर्ट्झला साधारण साडेचौदा लाख ओहमचा अडथळा करतो. अख्खे २३० व्होल्ट त्याच्यावर आले असं धरलं तरी करंट ०.१६ मिलिअँपिअर. दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरसाठी आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर आहे. मुठीत धरलेल्या धातूतून साधारण अर्धा मिलिअँपिअर गेला की माणसाला जाणवायला लागतो, दहाच्या पुढे हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते, आणि घरातला चांगला आरसीसीबी (करंट बाहेर गळायला लागला की वीज आपोआप तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला पडतो. म्हणजे धडक्या अ‍ॅडॉप्टरमधून येणारी झिणझिणी धोक्याच्या रेषेपासून बरीच अलीकडे आहे.

मग टेस्टर का पेटतो? कारण टेस्टरमधल्या निऑनला पेटायला करंट लागतोच कुठे? मिलिअँपिअरचा अगदी बारीक अंशही त्याला पुरतो. टेस्टर पेटला म्हणजे व्होल्टेज आहे एवढंच कळतं. त्यामागे जोर किती, ते तो सांगू शकत नाही. मी टेबलावर करतो ती परीक्षा अशी: मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक लॅपटॉपच्या स्क्रूला, दुसरं खात्रीच्या अर्थिंगला. आकडा ९०-१०० व्होल्ट दाखवतो आणि समोरचं गिऱ्हाईक दचकतं. मग त्याच दोन टोकांमध्ये दोन हजार ओहमचा रेझिस्टर धरतो. माणसाच्या शरीराचा अडथळा ढोबळमानाने तेवढा धरतात. ९२ वरचा आकडा क्षणात ०.२ वर येतो. नळाला पाणी दिसतं, पण बादली खाली ठेवली की थेंब थेंबच गळतं, तसा हा प्रकार. आकडा असा कोसळला तर झिणझिणी कपॅसिटरची. कोसळला नाही, तर गोष्ट वेगळी. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच आहे.

आणखी एक शंका नेहमी येते. करंट इतका कमी, अर्ध्या मिलिअँपिअरच्याही आत, मग जाणवतो तरी कसा? दोन कारणं आहेत. लॅपटॉपच्या धारदार कडेला मनगटाची पातळ कातडी टेकते तेव्हा सगळा करंट तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेतून जातो, त्यामुळे तो टोचतो. दुसरं कारण मला फार आवडतं. चार्जिंग चालू असताना झाकणावरून बोटाची मागची बाजू अगदी हलकेच, पिसासारखी फिरवून पाहा. धातू खरखरीत, थरथरता लागेल. तेच बोट जोरात दाबून फिरवा किंवा प्लग काढा, पृष्ठभाग लगेच गुळगुळीत. १९५३ साली अमेरिकेत मॅलिनक्रॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा परिणाम अभ्यासून मांडला. दिव्याचं पितळी सॉकेट दिवा चालू असताना बोटाला वेगळं लागतं, या साध्या निरीक्षणातून ते सुरू झालं होतं. होतं असं की धातूवरचा पातळ निरोधक थर आणि बोटाची कोरडी कातडी यांच्या दोन बाजूंना विरुद्ध भार जमतात. ते बोटाला सेकंदाला शंभर वेळा ओढतात-सोडतात आणि घर्षण तेवढ्याच वेळा कमी-जास्त होतं. म्हणजे बोट सरकवताना जाणवते ती शॉकची नव्हे, घर्षणाची थरथर असते. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीवर असा थर कारखान्यातच चढवलेला असतो, म्हणून त्या लॅपटॉपवर ती जास्त जाणवते.

आता मोबाइल. टचस्क्रीनच्या काचेखाली उभ्या-आडव्या पारदर्शक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आलं की दोन पट्ट्यांमधला विद्युतभार अगदी किंचित बदलतो. मोबाइल तो बदल सेकंदाला अनेकदा मोजत राहतो. हे मोजणं मोबाइलच्या स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत चालतं. चार्जर गोंगाट करणारा असला की ते ग्राउंडच वर-खाली हेलकावतं. तुमचं शरीर मात्र जमिनीशी बांधलेलं, स्थिर. मोबाइलला वाटतं बोटच नाचतंय. म्हणून खोटे टच वाटेल तिथे येत नाहीत. बोट टेकलंय त्याच पट्टीच्या सरळ रेषेत वर किंवा खाली येतात. घरी बघायचं असेल तर अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'पॉइंटर लोकेशन' चालू करा आणि स्क्रीनवर संथपणे तिरकी रेघ ओढा. चार्जर नसताना रेघ साफ येते. खराब चार्जरवर तिला करवतीसारखे दाते पडतात आणि मध्येच रेघ उडी मारून दुसरीकडे जाते. मोबाइल टेबलावर ठेवून एका बोटाने चालवताना त्रास जास्त होतो, दुसऱ्या हातात धरला की कमी, कारण तुमचं शरीर आणि मोबाइल मग एकत्रच हेलकावतात. लॅपटॉपचा टचपॅडही याच तत्त्वावर चालतो. चार्जिंगला असताना बाण भरकटतो, प्लग काढला की शहाणा होतो, तेव्हा टचपॅड बदलायची घाई करू नका.

तर तुमचे दोन्ही त्रास एकाच मुळाचे आहेत, पण दिशा उलटी. वाय कपॅसिटर पुरेसा मोठा असेल तर गोंगाट दबतो, टच नीट चालतो आणि बॉडीला थोडी झिणझिणी येते. तो फार लहान असेल किंवा पैसे वाचवायला काढूनच टाकला असेल तर झिणझिणी जवळजवळ नाही, पण टच वेडा होतो. मुलीच्या लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर बहुधा पहिल्या प्रकारचा आहे, मोबाइलचा चार्जर दुसऱ्या. माझ्या मनातली भीती म्हणाल तर या दोघांत ती दुसऱ्याबद्दल जास्त आहे.

का, ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक चार्जर आला. टच उडतो म्हणून गिऱ्हाइकाने मोबाइलचा डिस्प्ले बदलून घेतला होता, तरी त्रास तोच. चार्जर हातात घेतल्यावर पिसासारखा हलका लागला. उघडला. वाय कपॅसिटरची दोन भोकं सर्किटवर होती, पण त्यात काहीच बसवलेलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे भिंतीकडची तांब्याची पट्टी आणि मोबाइलकडची पट्टी यांच्यात मिलिमीटरभरच अंतर. चांगल्या चार्जरमध्ये इथे पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा असते, बऱ्याचदा बोर्डाला आरपार चीर पाडलेली असते. ट्रान्सफॉर्मर सोडवला तर दोन वेटोळ्यांमध्ये टेपचा एकच थर. कोकणातल्या जुलैच्या दमटपणात, त्यावर धूळ आणि सोल्डरिंगच्या फ्लक्सची पुटं चढलेली असताना, एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. त्या दिवशी तिथून ठिणगी गेली असती तर मोबाइलच्या धातूच्या कडेवर थेट फेज आला असता. काही बनावट चार्जरमध्ये वाय कपॅसिटरच्या जागी साधा सिरॅमिक कपॅसिटर लावतात, तेही तितकंच घातक. खरा वाय कपॅसिटर बिघडलाच तर तुटून उघडा पडावा अशा बेताने बनवलेला आणि तपासलेला असतो. साधा मात्र शॉर्ट होऊ शकतो.

चार्जर घेताना त्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, आयएस १३२५२ सारखा मानक क्रमांक आणि आर अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पाहा. नाव-पत्ता-उत्पादन जुळलं तर ठीक. चिन्ह कुणीही छापू शकतो, म्हणून क्रमांक तपासल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आता भिंतीतल्या तिसऱ्या भोकाकडे येऊ.

लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरची मागची बाजू पाहा. तिथे तीन पाकळ्यांचं सॉकेट असेल तर तो तीन पिनांचा. आठच्या आकड्यासारखं असेल, आणि लेबलवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल, तर तो दोन पिनांचा. दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरला अर्थिंगची वाटच नसते. घराचं अर्थिंग कितीही उत्तम असलं तरी त्याची झिणझिणी राहणार, आणि आकडा रेझिस्टरवर कोसळत असेल तर ती चालवून घ्यायला हरकत नाही. बाहेरचा तीन पिनांचा मॉनिटर एचडीएमआयने जोडला की ती गायब होते, कारण लॅपटॉपला मॉनिटरच्या वायरीतून अर्थिंग मिळतं.

तीन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरचं गणित वेगळं आहे. त्यात बॉडीवर येणारा करंट अर्थिंगच्या वायरने जमिनीत जावा अशीच रचना असते. म्हणून तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर असून बॉडी झिणझिणत असेल तर निदान जवळपास ठरलेलं आहे: अर्थिंग पोचत नाही. कुठे तुटलंय ते शोधायचं. वरची जाड पिन उपटून टाकलेली असते, दोन पिनांचा मल्टिप्लग मध्ये असतो, एक्स्टेन्शन बोर्डला तिसरी वायरच नसते, किंवा सॉकेटमागे हिरवी वायर गुंडाळून तशीच सोडलेली असते. तिसरी पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते, ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. ती कापून प्लग "बसवणारे" लोक मी रोज पाहतो आणि दर वेळी जीव वर येतो.

संगणकाच्या मोठ्या डब्यात फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीकडे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर बॉडी बरोबर मधे, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. त्याच बिनअर्थिंगच्या बोर्डवर मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर लावले की सगळ्यांची गळती एकत्र येते आणि झिणझिणीचा चक्क चटका होतो. एचडीएमआयची पोर्ट जळण्याचं हेही एक नेहमीचं कारण. चालू टीव्हीला चालू लॅपटॉप जोडताना दोघांच्या बॉडीमधला फरक त्या नाजूक पिनांमधून धावतो. गणपतीत मंडळाच्या साउंडला लॅपटॉप लावल्यावर जो भुर्रर्र आवाज येतो तोही याच कुटुंबातला. त्यावर उपाय म्हणून अर्थिंगची पिन काढतात, आवाज जातोही. पण माइक हातात घेऊन आरती म्हणणाऱ्या माणसाची सुरक्षितता त्याबरोबरच जाते. तिथे साउंडवाल्याकडून आयसोलेटर घ्या, तो दोन यंत्रांमधला तारेचा संबंध तोडून फक्त आवाज पुढे देतो.

आता ज्याची काळजी म्हटलं ती गोष्ट. काही वर्षांपूर्वी असाच एक लॅपटॉप आला, तीन पिनांचा, सकाळी जोरात चावतो आणि दुपारी नुसता झिणझिणतो अशी तक्रार. माझ्या टेबलावर अगदी निर्दोष. "सकाळी" या शब्दामुळे मी त्यांच्या घरी गेलो. सॉकेटचं अर्थिंग आणि विहिरीजवळचा जमिनीत गेलेला लोखंडी पाइप यांच्यात मीटर लावला. ९० व्होल्ट, रेझिस्टर धरला की शून्याजवळ. घरातल्यांना म्हटलं, सकाळी चालू असतं ते सगळं एकेक करून लावा. गिझर लावला आणि आकडा २०० च्या वर गेला. रेझिस्टर धरला तर ४० च्या खाली येईना, आणि दोन-चार सेकंदांत तो बोटांना भाजायला लागला. दोन हजार ओहमवर ४० व्होल्ट म्हणजे २० मिलिअँपिअर, पकड सुटू न देणारा करंट. मेन स्विच तिथल्या तिथे पाडला.

गिझरचं एलिमेंट फुटून करंट त्याच्या बॉडीत उतरला होता. घरातली सगळी हिरवी वायरिंग एकमेकांशी नीट जोडलेली होती, पण मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी पट्टी गंजून तुटली होती. म्हणजे घरभर अर्थिंगचं जाळं होतं, फक्त ते जमिनीला लागलेलं नव्हतं. गिझरचा करंट त्या जाळ्यातून फ्रिज, वॉशिंग मशीन आणि लॅपटॉप अशा सगळ्यांच्या बॉडीवर पोचत होता. कोरड्या खोलीत, पायात चपला घालून बसलेल्या मुलाला तो आधी जाणवला, कारण तोच रोज तासन्‌तास धातूवर हात टेकून बसायचा. न्हाणीघरात ओल्या पायांनी नळाला हात लावणारं कुणी त्याच्या आधी सापडलं नाही, हे त्या घराचं भाग्य.

म्हणून वायरमनचं "लॅपटॉप शॉर्ट आहे" हे चूक असलं तरी त्याची भीती मला चूक वाटत नाही. तुमच्या बाबतीत करायचं ते असं. लॅपटॉप आज बॅटरीवर चालवून पाहा, कुठलीही वायर न लावता. तेव्हा झिणझिणी येणं शक्य नाही. मग दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चार्जिंगवर तिचा जोर सारखाच असतो का ते मुलीला विचारा. पाण्याचा पंप, गिझर, वॉशिंग मशीन चालू झालं की वाढत असेल, किंवा फ्रिजच्या दाराला, नळाला कुठेही मुंग्या येत असतील, तर लॅपटॉप बाजूला ठेवा, मेन बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलवा.

त्याला तीन मापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि तिसरं दोन-चार व्होल्टचं असावं. तिसरं माप घरावर मोठा लोड असतानाही अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका. सॉकेटमागे न्यूट्रललाच अर्थिंगची पिन जोडून ठेवलेली असू शकते. जुन्या घरांत ही युक्ती सर्रास दिसते, आणि टेस्ट लॅम्प लावला तर दिवाही लख्ख लागतो, म्हणून ती पकडली जात नाही. ज्या दिवशी न्यूट्रल कुठे सुटेल त्या दिवशी घरातल्या प्रत्येक तीन पिनांच्या वस्तूच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतील. घरात आरसीसीबी असेल तर ओळखायला सोपं: इलेक्ट्रिशियनने जुना पिवळा १५ वॉटचा दिवा फेज आणि अर्थिंग यांच्यात लावला की आरसीसीबी पडलाच पाहिजे. दिवा निवांत जळत राहिला तर ते अर्थिंग नाही, न्यूट्रल आहे. ही परीक्षा स्वतः करू नका.

खड्ड्याबद्दल एक स्थानिक गोष्ट. काळ्या चिकण मातीत ओल टिकते आणि अर्थिंग चांगलं मिळतं. आपल्या जांभ्यात ते अवघड. कोळसा-मिठाचा खड्डा पावसाळ्यात छान चालतो आणि एप्रिल-मे महिन्यात जांभा वाळला की त्याचा अडथळा खूप वाढतो. जमिनीत तीस वर्षांत लोखंडी पट्टी गंजलेली असणार हे धरूनच चाला. नवा खड्डा न्हाणीचं सांडपाणी मुरतं त्या बाजूला, सावलीत घ्या, आणि मोजणी मे महिन्यात करून घ्या. पावसाळ्यात घेतलेला आकडा चांगलाच येतो. तोपर्यंत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. अर्थिंग नसलं तरी करंट माणसातून जायला लागला की तो पडतो. त्यावरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबून पाहायचं.

मोबाइलचा तो चार्जर मात्र आजच फेकून द्या, घरातल्या दुसऱ्या कुणाला वापरायला देऊ नका. डिस्प्ले बदलायची गरज नाही. मुलीला एखादा नोंदणी क्रमांक जुळणारा चार्जर लावून 'पॉइंटर लोकेशन'वर तिरकी रेघ ओढायला सांगा आणि काय दिसलं ते कळवा. अ‍ॅडॉप्टरच्या मागच्या सॉकेटचा आणि भिंतीतल्या सॉकेटचा फोटोही पाठवा. लॅपटॉपला तीन पाकळ्या असतील तर पुढचं बोलणं तुमच्या इलेक्ट्रिशियनशीच करू.